बडोद्याकडेही बघा की
वर कुणीसं लिहिलंय, ‘जुनं मराठी पुस्तक हवं तर पुणे-मुंबईच गाठा.’ बडोदेकर म्हणून हे काही पटलं नाही बुवा. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय पाहिलंत का? सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्याची घडी बसवली. पुस्तकांच्या दालनात लोखंडी मांडण्या आणि जमीन चक्क काचेची, खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून! (पहिल्यांदा मी चप्पल हातात घेऊन चाललो होतो.) माझा जीव मात्र ‘सयाजी साहित्यमाला’ या बडोद्याच्याच पुस्तकमालेत. मराठी-गुजराती दोन्ही भाषांत आहे, तेव्हा शेजारचं गुजराती कपाटही चाळा. संस्कृतवाल्यांनी प्राच्यविद्या मंदिर, म्हणजे इथली जुन्या संस्कृत ग्रंथांची संस्था, गाठावं. तिथल्या ग्रंथमालेची सुरुवात १९१६ साली राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने झाली.