सीएमएमवरची (मापं तपासणाऱ्या मशीनवरची) रांग कमी कशी करायची?

व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) स्टीलचं हाउसिंग करतोय, बोअर (भोक) 40 एमएम, टॉलरन्स एच7, म्हणजे हातात फक्त 25 मायक्रॉन. प्रत्येक पीस सीएमएमवर चढतो आणि तोवर मशीन उभं. स्पिंडल प्रोबनेच (मशीनच्या स्पिंडलमध्ये बसणाऱ्या, पीसला टेकवून मोजणाऱ्या प्रोबने) सगळं मोजलं तर चालेल का?

> प्रोब वापराच, पण ऑफसेटसाठी (पीस आणि टूलची जागा मशीनला देण्यासाठी). मशीनच्या ज्या स्केलवर (अक्षाची जागा मोजणाऱ्या पट्टीवर) कटिंग झालं त्याच स्केलवर मोजताय ना, मग अक्षाची चूक प्रोबला दिसणार कशी? आधी बॉलबार (मशीन वर्तुळ किती गोल फिरतं ते तपासणारं साधन) फिरवा, वर्तुळ तिरकं लंबगोल आलं तर बहुतेक एक्स-वाय काटकोनात नाहीत.

> सगळे पीस कशाला चढवता? पहिला पीस पूर्ण सीएमएमवर, इन्सर्ट (टूलची कापणारी टीप) बदलला की परत एक, मधले सगळे मशीनजवळच एअर गेजवर (हवेने बोअर मोजणाऱ्या गेजवर), आणि सीपीके (मापं टॉलरन्समध्ये किती नीट बसतात त्याचा आकडा) 1.33 च्या वर टिकला की मग सॅम्पलिंग. रिजेक्शनची किंमत जास्त असेल तर मात्र बोअर 100 टक्के तपासा, बाकीची मापं सोडा.

> गरम पीस मोजू नका हो! मापं 20 अंशाला धरतात, स्टील मीटरमागे दर अंशाला साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं. 300 एमएम सेंटर डिस्टन्स (दोन बोअरच्या केंद्रांमधलं अंतर) असेल आणि पीस 10 अंश गरम, तर तिथेच जवळपास 35 मायक्रॉन गेले.

सेंटर डिस्टन्स 280 आहे, आणि पीस कूलंटमधून काढून लगेचच मोजतात. उद्या थंड करून मोजतो, बॉलबारचा ग्राफ इथे टाकतो.