‘अत्तर’ म्हणजे ‘इत्र’चा अपभ्रंश?

मोगरा: भाचीच्या लग्नपत्रिकेत मी ‘अत्तर-गुलाब’ लिहून दिलं, छापखान्यातून ‘इत्र-गुलाब’ होऊन आलं. म्हणे अत्तर अशुद्ध! आजी पालथ्या मुठीवर लावायची ते अत्तर, आजोबांच्या कानात असायचा तो अत्तराचा फाया. उधळ्या माणसाने जाळायचे तेही अत्तराचेच दिवे. हा शब्द मी हिंदीसाठी सोडणार नाही.

नागपूरकर: भावना समजली, पण छापखान्याचं बरोबर आहे. मूळ अरबी शब्द ‘इत्र’. हिंदीने तो तसाच ठेवला, आपण बिघडवला.

मोगरा: आपल्याकडे तो थेट अरबीतून कुठे आला? फारसीतून आला, आणि इराणात आजही ‘अत्र’च म्हणतात. पुढे मराठीने जोडाक्षर मोकळं केलं. कद्रची कदर, फिक्रची फिकीर, उम्रची उमर केली तसंच. कदरही अशुद्ध का?

गंधवेडा: दोन्ही परकेच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, सहाव्या शतकात, ‘गंधयुक्ती’वर अख्खा अध्याय आहे. तिथला शब्द घ्या ना!

वाळा: गंधयुक्ती म्हणजे सुगंधी द्रव्यं मिसळण्याची विद्या. कुपीतल्या तेलाला तो शब्द कसा चालेल? मी उत्तर प्रदेशात कनौजला अत्तराची भट्टी पाहिली आहे. तांब्याच्या डेगीत पाणी आणि गुलाबपाकळ्या, झाकण मातीने लिंपलेलं. बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गार होते त्या भांड्यात, उतरते, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. वास त्या तेलात मुरतो. अरबीत कुठलाही सुगंध ‘इत्र’. मराठीत मात्र अत्तर म्हणजे हे तेलच, फवाऱ्याचं ते सेंट. इतका नेमका अर्थ आपण घडवला, मग शब्द परका कसा?

नागपूरकर: फारसीचा मुद्दा मान्य. तरी अरबी मुळात ‘इ’ आहे, हे खोटं ठरत नाही.

मोगरा: नाहीच ठरत. पण ‘अत्तार’ आडनावाचं काय? तेही त्याच अरबी मूळ धातूपासूनचं, अत्तर विकणारा तो अत्तार. सराफ, दलाल याच साच्यातले. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या हे नाव लावणाऱ्यांना तुम्ही ‘इत्तार’ म्हणाल?

नागपूरकर: नाही म्हणणार. आमच्या गल्लीतही एक अत्तारचाचा होते, पेटीत हिना आणि केवडा घेऊन यायचे. पण हिंदी पत्रिकेत मी ‘इत्र’च लिहीन.

मोगरा: हिंदीत खुशाल लिहा. माझी पत्रिका मराठी आहे, मी ती परत छापायला टाकली.