फर्स्ट इयरचा रेडर अडकलाय, कोचिंग कमी पडतंय की पोरगंच?

खानापूर_लालमाती

मंडळी नमस्कार. बेळगावच्या आमच्या कॉलेजच्या कबड्डी टीमबद्दल मोकळेपणानं विचारायचं हाय, कॉलेजचं नाव घेत नाही. गेल्या सीझनला आमच्याकडं एक पोरगं फर्स्ट इयरला आलं, रेडर, म्हणजे चढाईला जाणारं, आमच्याच तालुक्यातलं, गावच्या लाल मातीवर अनवाणी खेळून तयार झालेलं. सुरुवातीच्या मॅचा ज्यांनी बघितल्या त्यांना ठाऊक हाय, काय रनिंग हँड टच मारायचं ते, कव्हरवाला, म्हणजे कॉर्नरच्या आतल्या बाजूचा डिफेंडर, हात मागं घ्यायच्या आत हे मध्यरेषेवर परत. आम्ही सगळे म्हणालेलो की हे युनिव्हर्सिटी ब्लू, म्हणजे विद्यापीठाच्या टीमचा गडी, होतंय बगा, राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या टीममधनं साऊथ झोनची स्पर्धा खेळतंय.

आणि आता तेच पोरगं अडकलंय. सर दर रेडला त्यालाच पाठवालेत, समोरच्यांनी त्याला पुरता वाचलाय, तरी परत तोच जातोय. इंटरकॉलेजच्या सेमीला काय झालं सांगतो, समोर तिघंच उरलेले, आपण दोन पॉइंटनं पुढं, घड्याळ आपल्या बाजूनं, आणि बाहेरनं सर ओरडालेत जा जा, लोण घाल, म्हणजे उरलेले सगळे बाद कर. गेलं पोरगं, आणि तिघांनी उचलून टाकलं, तिघं किंवा कमी उरलेले असताना रेडर पकडला की मिळणारे सुपर टॅकलचे दोन पॉइंट गेले आणि मॅच तिथंच फिरली. त्यानंतर ते बाहेर बसलं ते बसलंच, आत आणायला दुसरा कोण पॉइंट मिळवणार, दुसरा रेडरच न्हाई आमच्याकडं. हरल्यावर ग्रुपवर सगळे पोरावर तुटून पडले. मला विचाराल तर चूक कोचिंगची हाय. तुम्हाला काय वाटतंय, आणि ह्या पोराचं आता काय करायला पायजे?

डावा_कॉर्नर

ती सेमी मी बघितलीय, मी स्वतः कॉर्नरला, म्हणजे डिफेन्सच्या टोकाला, खेळलोय म्हणून डिफेन्सच्या बाजूनं सांगतो. पोरगं चांगलं हाय, पण त्याच्या तीन सवयी समोरच्याला फुकटात मिळालेत. पहिली, दर वेळी डाव्या कॉर्नरकडनंच शिरतंय. दुसरी, बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडून मिळणारा पॉइंट, घ्यायचा असला की आधी खाली बोनस रेषेकडं बघतंय आणि वजन मागच्या पायावर टाकतंय, मग कॉर्नरला आणि काय पायजे, तो गप उभा राहून पुढचा पाय रेषेपलीकडं पडायची वाट बघतोय आणि पडला की घोटा धरतोय. तिसरी सगळ्यात वाईट, टच करून फिरताना कव्हरला पाठ देतंय. गावच्या मातीवर हे खपून जातं कारण तिथं कव्हर एवढ्या वेगात येत न्हाईत, मॅटवर बुटाला ग्रिप मिळते आणि कव्हर दोन पावलांत अंगावर असतो.

आता ह्या गोष्टी पोराला स्वतःला दिसत न्हाईत, दिसणार पण न्हाईत, हे बाहेरनं बघणाऱ्यानं सांगायला पायजे. मोबाईलवर मॅच शूट करून शांतपणे दोन वेळा दाखवली असती तरी निम्मं काम झालं असतं. तीस सेकंद असतात रेडला. पहिली पंधरा सेकंद फक्त ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत फिर आणि बघ की कोण पंजावर हाय, कोण टाचेवर हाय, कुठली चेन, म्हणजे डिफेंडरांची हातात हात धरलेली जोडी, सुटलीय. आमचं पोरगं आत गेल्या गेल्या दहा सेकंदांत टच मारायला जातंय, मिळाला तर ठीक, न्हाई मिळाला तर उरलेला वेळ नुसती धडपड.

आणि एम्प्टी रेड मारून परत यायला लाज कसली? पुढं असताना रिकाम्या हातानं परत येणं हा पण खेळच हाय, त्याला हे कुणी शिकवलंच न्हाई. दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीला पॉइंट काढायलाच लागतो, हा नियम लावलेली स्पर्धा असली तरी पहिल्या दोन रेड मोकळ्या असतात की.

निपाणीकर

कोचिंगचीच चूक, माझं स्पष्ट मत. बी. सी. रमेश बघा, आपल्याच कर्नाटकचा माणूस, अर्जुन पुरस्कारवाला. २०१९ ला बंगाल वॉरियर्सला प्रो कबड्डी जिंकून दिली, त्या फायनलला त्यांचा मेन रेडर मणिंदर सिंग दुखापतीमुळं खेळतच नव्हता! तरी दिल्लीला ३९-३४ नं हरवलं, नबीबक्ष होता, सुकेश हेगडे होता, पॉइंट येतच राहिले. मग तोच कोच पुणेरी पलटणला आला आणि मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून कप घेतला. त्या सीझनला अस्लम इनामदार कॅप्टन, मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर पण तोच, पण फायनलला सगळ्यात जास्त पॉइंट पंकज मोहितेचे होते. मोहित गोयत वेगळाच. म्हणजे एका गड्यावर टीम कधी ठेवलीच न्हाई.

आणि इथं काय, जोडीच्या गाडीला एकच बैल जुंपलाय आणि तो बसला की त्यालाच काठी. पोराला शिव्या घालणाऱ्यांनी आधी हे सांगावं की दुसरा रेडर तयार करायला वर्षभर काय केलं. बेंचवर पाच पोरं असतात की, त्यातल्या एकाला तरी सराव मॅचला दहा रेड मारायला देता येत न्हाईत काय? लीगच्या सुरुवातीच्या सोप्या मॅचला ह्या पोराला एक हाफ बसवायचा आणि दुसऱ्याला पाठवायचं, हरलो तर हरलो. पण आपल्याकडं प्रत्येक मॅच फायनल असल्यासारखी खेळतात.

पी_ई_सर_चिकोडी

सगळ्यांचं वाचलं. मी चिकोडी भागातल्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. प्रो कबड्डीच्या कोचशी आमची तुलना कशी होईल? तिथं रेडिंगचा वेगळा माणूस, डिफेन्सचा वेगळा, फिजिओ वेगळा, व्हिडिओ बघणारा वेगळा. आमच्याकडं मी एकटा. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स, चेस सगळं माझ्याच गळ्यात, वर ॲडमिशनची कामं आणि परीक्षेची ड्युटी. सेमिस्टर पद्धतीमुळं पोरं हातात मिळतात थोडेच आठवडे, त्यातही इंटरनल असली की निम्मी गायब. मॅट असली तरी ती अंथरायला आणि गुंडाळायला पोरंच लागतात, त्यात सरावाचा बराच वेळ जातो, म्हणून मग नाइलाजानं मातीवर सराव आणि थेट स्पर्धेला मॅट. डाव्या कॉर्नरवाल्यांनी पाठ देण्याचं जे सांगितलं ना, ते शंभर टक्के इथूनच येतं.

तुमच्या सरांनी शेवटी लोणसाठी पाठवायला नको होतं हे मलाही पटतं. समोर तिघं असले की बोनस मिळत नाही, बोनसला निदान सहा जण आत लागतात, म्हणजे रेडरला मिळवायला टचशिवाय काही नसतं आणि गमावायला मात्र दुप्पट. अशा वेळी वेळ काढून परत यायचं. पण त्या माणसाला हटवून काय मिळणार? त्यांच्या जागी जो येईल त्यालाही हीच सगळी कामं असणार. त्यापेक्षा माजी खेळाडूंनी आठवड्यातून एकदा येऊन रेडर आणि कॉर्नर वेगळे घेऊन बसावं, मी माझ्या कॉलेजात हे करून बघितलं आहे आणि त्याचा पोरांना फार उपयोग होतो. कुठलाही सर ह्याला नाही म्हणणार नाही, फक्त आधी येऊन बोला, ग्रुपवर लिहू नका.

चंदगडी

शिनोळीच्या नाक्याअलीकडचा, महाराष्ट्रातला हाय मी, तुमच्यापासनं लांब न्हाई. आमच्याकडची पोरं शिवाजी विद्यापीठातनं वेस्ट झोन खेळतात आणि तुमची साऊथ झोन, मध्ये नुसता नाका. पण खेळ तोच आणि चुका पण त्याच.

सिद्धार्थ देसाई आमच्या चंदगड तालुक्यातला, हुंदळेवाडीचा. भाऊ सूरज पण रेडरच. २०१८ च्या सीझनला यू मुंबाकडनं पहिल्यांदा खेळला आणि दोनशेच्या वर रेड पॉइंट काढले, पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाखाला घेतला. आमच्याकडं त्या दिवशी काय वातावरण होतं काय सांगू! पण तेव्हापासनं आमच्या भागातलं प्रत्येक पोरगं सिद्धार्थसारखं अंगावर घेऊन ओढत रेषेकडं यायला बघतंय. अरे त्याचं शरीर बघा की. तसा गडी पण खांद्याच्या दुखापतीनं एका सीझनला बाहेर बसला. पवन सेहरावतला चेन्नईवाल्यांनी २ कोटी २६ लाखाला घेतला आणि पहिल्याच मॅचला गुडघा गेला.

म्हणून मी विचारतो की तुमच्या पोराचं वजन किती? सिनिअरला ८५ किलोपर्यंत गडी चालतात, थर्ड इयरचे कॉर्नर चांगले भरलेले असतात, आणि ह्याला तुम्ही मॅचभर त्यांच्या अंगावर पाठवालेत. टॅक्टिक नंतर शिकेल, आधी मांडी आणि खांदा भरला पायजे, बैठका, दोर, रेतीत पळणं, आणि पोटाला नीट खायला. हॉस्टेलला राहतंय की गावाकडनं येऊन जाऊन करतंय?

खानापूर_लालमाती

येऊन जाऊन करतंय ओ. सकाळची गाडी धरायची म्हणजे डबा कधी होतो कधी न्हाई, संध्याकाळी सराव संपवून शेवटची बस. वजन पासष्टच्या आत असेल.

पी ई सर, तुमचं म्हणणं पटतंय, आमचे सर वाईट न्हाईत, पदरचे पैसे घालून पोरांना बूट घेतलेत त्यांनी. पण एक अडचण हाय ती लिहितो. सर विजापूरकडचे, कन्नडमधनं बोलतात, आमचं पोरगं बारावीपर्यंत मराठीतनं शिकलेलं, एरवी समजतंय त्याला, पण मॅचच्या गडबडीत बाहेरनं लांबलचक ओरडलेलं अर्धं डोक्यावरनं जातंय. त्याला फक्त ‘होगू’, म्हणजे ‘जा’, तेवढं कळतंय, मग ते जातंय.

वडगावची_कबड्डीवाली

मी मुलींच्या टीममधनं युनिव्हर्सिटी खेळलेय, रेडरच होते. तुमचा शेवटचा मुद्दा सगळ्यांनी हलक्यात घेऊ नका. आमच्या टीममध्ये बैलहोंगलच्या, गोकाकच्या, बेळगावच्या, सगळीकडच्या मुली होत्या, आम्ही बोटांच्या खुणाच ठरवून घेतल्या होत्या. मूठ म्हणजे रिकामी परत ये, एक बोट म्हणजे बोनस बघ, हात आडवा म्हणजे वेळ काढ. खुणा कोच करायचे न्हाईत, आमची कॅप्टन आतनं करायची, कारण रेडर बाहेर बघत बसली तर पकडलीच जाते.

दुसरं म्हणजे त्या पोराशी हरल्यावर कोण बोललं? डावा कॉर्नर दादा, तुम्ही सांगितलेलं सगळं बरोबर, पण ज्या पोराला ग्रुपवर शंभर माणसं नावं ठेवतात ते पंधरा सेकंद थांबून कुणाची टाच बघणार हाय? त्याला आत गेल्या गेल्या पॉइंट काढून सगळ्यांची तोंडं बंद करायची घाई असते. सेमीनंतर पुढच्या मॅचला मी बघितलं त्याला, रेडला जायच्या आधी गॅलरीकडं बघत होतं. फर्स्ट इयरला मला पण असंच झालेलं आणि आमच्या मॅडमनी मला सांगितलं की पुढच्या मॅचला तू पॉइंट आणायचा न्हाईस, फक्त पकडली जायचं न्हाई. त्या मॅचला मी खरंच रेड करून करून परत आले, कुणी टाळी वाजवली न्हाई, पण समोरची प्रत्येक मुलगी कशी उभी राहते ते मला पहिल्यांदा दिसलं.

पवन सेहरावतचं वर आलंच हाय म्हणून सांगते, तो गुजरातकडं होता तेव्हा त्याला धड खेळायला पण मिळत नव्हतं, बेंचवर. पुढच्याच सीझनला बेंगळुरू बुल्सनी त्याला मेन रेडर केला आणि जानेवारी २०१९ च्या फायनलला त्याच गुजरातविरुद्ध त्यानं एकट्यानं २२ पॉइंट काढले. त्याला कुणीतरी भरवसा दिला ना. तुमच्या पोराला भरवसा दिलाय असं तुम्ही म्हणाल, दर रेडला पाठवतो म्हणून, पण मला तो भरवसा वाटत न्हाई, दुसरा कोण न्हाई म्हणून पाठवतात हे त्याला पण कळतंय.

निपाणीकर

ताई, पटलं. पण पवन तेव्हा तयार गडी होता, आधी दोन सीझन बुल्सकडनंच खेळलेला. फर्स्ट इयरच्या पोराला तेवढं ओझं नको, मी तेच म्हणतोय. दुसरा रेडर पायजेच पायजे.

डावा_कॉर्नर

दुसरा रेडर आमच्याकडं हाय खरं तर, त्या उजव्या कव्हरवाल्या पोराचे पाय बघा कधीतरी, बोनसला चांगला जाईल, वजन पण हाय, कधी पाठवलाच न्हाई त्याला.

खानापूर, सरांशी तू बोल, आम्ही तिघं-चौघं जुने गडी रविवारी सकाळी यायला तयार हाय, दोन कॉर्नर दोन कव्हर आमचे. सुरुवातीला तासभर पोरानं टच मारायचाच न्हाई, ताई म्हणतात तसं नुसतं फिरून परत यायचं आणि प्रत्येक रेडनंतर सांगायचं की कोण कुठल्या पायावर उभा होता. मग पाठ न देता फिरणं, ते मी घेतो. मॅट मिळवा तेवढी, मातीवर हे शिकवून उपयोग न्हाई.

खानापूर_लालमाती

आत्ताच सरांना फोन केला. मॅटची किल्ली देतो म्हणाले, आणि कव्हरवाल्याला पण रेडला घ्या म्हणाले. अंथरायला माणसं लागतील, लवकर या. चंदगडी भाऊ, तुम्ही येताय काय? पोराला खुराकाचं तुम्हीच सांगा, आमचं ऐकत न्हाई.

चंदगडी

येतो की. नाका ओलांडला की आलोच.