कॅमॅरोला पुढच्या स्प्रिंगा कोणत्या घालाव्यात?

प्रश्न: १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो, ३५० स्मॉल-ब्लॉक (लहान बांध्याचं व्ही-८ इंजिन), एसी नाही. पुढून दीड इंच खाली घ्यायचीय. नव्या स्प्रिंगा मागवू, की आहेत त्याच उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये कापून घेऊ?

उत्तर १: भावा, आधी सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत उंची मोज. जुन्या स्प्रिंगा दबून बसल्या असतील तर गाडी आधीच खाली आलेली असते. मग नव्या घालून फरकच दिसत नाही. स्प्रिंग पुढच्या वजनावर ठरते, म्हणून मागवताना इंजिन आणि ‘एसी नाही’ हे सांगच. जड बिग-ब्लॉक इंजिनाच्या आल्या तर नाक वरच राहणार.

उत्तर २: कापायच्या तर गॅसनं अजिबात नको, टेम्पर (पोलादाला उष्णतेनं दिलेली ताकद) जातो. कटिंग व्हील लाव आणि एका वेळी पाव वेटोळंच काढ. स्प्रिंग आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) साधारण मध्यावर बसते, म्हणून ती १ इंच आखूड झाली की गाडी जवळपास २ इंच उतरते. इथंच सगळे फसतात. शिवाय कापलेली स्प्रिंग कडक होते.

उत्तर ३: काढताना स्प्रिंग दाबून धरणारा कम्प्रेसर लावच, वर साखळीही बांध, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतेल. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळ, नाहीतर रबर पिळून फाटतं. मग चाकांची अलाइनमेंट. आणि बंप स्टॉपला (आर्म वर आदळू नये म्हणून असलेल्या रबराला) जागा किती उरली ते बघ, आपल्याकडचे स्पीडब्रेकर माहीत आहेतच.