आवडत्या कॉमिकवर ॲनिमेशन फिल्म येतेय, तेव्हा पोटात जे होतं त्याला शब्द?

एक शब्द हवाय. वर्षानुवर्षं वाचून पाठ झालेल्या कॉमिकवर ॲनिमेशन फिल्म येतेय असं कळतं आणि तिथपासून रिलीजपर्यंत पोटात जे काही चालू असतं त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? बातमीत सरसकट 'उत्सुकता शिगेला' नाहीतर 'बहुप्रतीक्षित'. बहुप्रतीक्षित वाचलं की मला तर एखाद्या पुलाचं उद्घाटनच आहे असं वाटतं. उत्सुकता चूक नाही, पण त्यात भीती कुठेय? मला निम्मी भीतीच असते. आपण वाट बघायची आणि त्यांनी वाट लावायची, असं झालंय ना आधी. आत्ताही एका टीझरचा टॅब दोन दिवस उघडा ठेवलाय, प्ले करायचं धाडस होत नाहीये.

--

उत्कंठा घ्या की. उत् + कंठ, म्हणजे मान उंच करून बघणं. गर्दीत टाचा वर करून कोण येतंय ते बघतो ना आपण, तेच चित्र आहे त्या शब्दात, एवढं सुंदर असून आपण तो फक्त रहस्यकथांच्या जाहिरातीत वापरतो.

--

>> उत्कंठा <<
व्युत्पत्ती छानच, पण वापर बघा. उत्कंठावर्धक गोष्ट म्हणजे पुढे काय होणार ते माहीत नसलेली गोष्ट. कॉमिकच्या फॅनला सगळं माहीत असतं हो! 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलवरच्या मांगाचं, म्हणजे जपानी कॉमिकचंच घ्या, ते चाललं १९९० ते १९९६, आणि 'द फर्स्ट स्लॅम डंक' ही फिल्म जपानात आली डिसेंबर २०२२ मध्ये. टीव्हीवरची सिरीज १०१ भागांवर थांबली ती सानो या संघाविरुद्धच्या मॅचपर्यंत पोचलीच नव्हती, आणि फिल्ममध्ये नेमकी तीच मॅच घेतली. आता ज्यांनी पुस्तकं वाचलीयत त्यांना त्या मॅचचा निकाल झोपेत विचारला तरी सांगतील, मग मान कशासाठी उंच करायची? त्यांना 'काय' नकोच होतं, 'कसं' हवं होतं. त्या मॅचच्या शेवटच्या पानांवर संवादच नाहीत, नुसती चित्रं, ती हलायला लागली की आवाज ठेवणार की नाही, हा प्रश्न उत्कंठेचा नाही, धाकधुकीचा आहे.

आणि धाकधूक खरी होती. रिलीजला महिनाच उरलेला असताना जाहीर झालं की टीव्हीवरचे आवाज बदललेत, झालं, जुने फॅन खवळले. मूळ चित्रकार ताकेहिको इनोऊए स्वतः लेखक-दिग्दर्शक होता तरी! म्हणजे बाप स्वतः पोराला तयार करतोय आणि शेजारी ओरडतायत की भांग चुकीचा पाडलास.

--

शेजारी नाही, आत्या-मावश्या म्हणा, हक्क असतो त्यांचा :)
पण धाकधूक परीक्षेच्या निकालाआधी होते. तिथे पेपर आपण लिहिलेला असतो, इथे दुसऱ्यानेच लिहिलाय.

--

लिहिला दुसऱ्याने पण नापास झाल्यावर रडणार आपणच, म्हणून तर.

--

हुरहूर का नको?

--

हुरहूर नको असंच लिहायला आले होते आणि लिहिता लिहिता मत बदललं. हुरहूर लागते ती काहीतरी सुटत चाललंय, दुरावतंय याची, अजून न आलेल्या गोष्टीची कशी लागेल असं वाटत होतं. पण विचार करा, कॉमिक वाचताना प्रत्येक पात्राचा आवाज आपणच दिलेला असतो, दोन चौकटींच्या मधली हालचाल आपणच केलेली असते, फिल्म आली की ते गेलं. टिनटिनमधल्या कॅप्टन हॅडॉकला माझ्या डोक्यात एक घोगरा, जरासा रडका आवाज होता. २०११ च्या फिल्ममध्ये अँडी सर्किसने त्याला स्कॉटिश ढंगात बोलायला लावलं, मस्त केलं, तक्रार नाही, पण माझा हॅडॉक त्यानंतर परत काही बोललाच नाही. आता कुठल्याही आवडत्या कॉमिकची अशी बातमी आली की आनंदाच्या खाली ही हुरहूर असतेच.

--

हे पटलं. म्हणजे धाकधूक 'ते बिघडवतील' याची आणि हुरहूर 'चांगलं केलं तरी माझं जाईल' याची. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी एकाच शब्दात कोंबत होतो.

--

उत्कंठेला अगदीच हाकलू नका. त्याच टिनटिनच्या फिल्ममध्ये तीन पुस्तकं एकत्र केली होती, त्यामुळे वाचलेल्यांनाही पुढचा सीन कुठला ते सांगता येत नव्हतं. आणि स्पायडरमॅनच्या 'स्पायडर-व्हर्स' ॲनिमेशन फिल्म्सचा २०२३ चा भाग? ऐन मोक्यावर सोडून दिला, तिथे कॉमिक कितीही वाचा, पुढचं कळणार नाही. तिथे शुद्ध उत्कंठाच.

--

जाता जाता 'आतुर'. संस्कृतात मूळ अर्थ आजारी, आयुर्वेदात रुग्णाला आतुरच म्हणतात. तेव्हा 'चाहते आतुर' हे बातमीवाले नकळत बरोबरच लिहितात.

--

हाहा, तो टॅबवाला रुग्ण मीच.
बरं, वापराचं एक सांगा, 'धाकधूक लागलीय' चालेल का? मला कानाला खटकतंय.

--

खटकायलाच हवं. उत्कंठा लागते, हुरहूर लागते, धाकधूक होते किंवा वाटते. आणि पुढे प्रत्यय आला की धू ऱ्हस्व होतो, धाकधुकीत, धाकधुकीने. हुरहूरचंही तसंच, हुरहुरीने. वर एकाने धाकधुकीचा बरोबर लिहिलंय.

--

ठीक, मग 'टीझरची धाकधूक होतेय'. बघतो आज रात्री, आवाज बंद करून.