सशाच्या डोळ्यात अकँथामिबा रुजत नाहीये. संख्या वाढवू का?

वऱ्हाडची_पोर: पीएचडीचं काम आहे, अकँथामिबा केराटायटिस, म्हणजे या अमिबामुळे कॉर्नियाला (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला) होणारा संसर्ग. ई. कोलाय (अमिबाचं खाद्य असलेले जिवाणू) पसरलेल्या अगारवर अमिबा झकास वाढतोय. सशाचा कॉर्निया भूल देऊन हलका खरवडला आणि ट्रोफोझोइट (अमिबाचं हलतं-खातं रूप) लावलेली कॉन्टॅक्ट लेन्स बसवली. डोळा थोडा लाल होतो, मग पुन्हा लख्ख. गाईड म्हणतात, अमिबांची संख्या वाढव.

प्लेटवाला: स्ट्रेन (अमिबाचा वाण) किती जुना आहे? वर्षानुवर्षं नुसत्या ब्रॉथवर (पोषक द्रवावर) पोसलेला अमिबा मवाळ होतो. रुग्णाच्या खरवडीतला ताजा मिळतोय का बघा.

ढोरांचा_डॉक्टर: ताजा घे, पण संख्या वाढवून सशाला उगाच छळू नकोस. गोम सशातच आहे. अमिबा आधी एपिथेलियमवरच्या (कॉर्नियाच्या सगळ्यात वरच्या थरावरच्या) मॅनोज ही साखर असलेल्या प्रथिनांना चिकटतो, पुढचं सगळं त्यानंतर. अमेरिकेत डॅलसला नीडरकॉर्न या संशोधकाच्या गटानं वेगवेगळ्या प्राण्यांचे कॉर्निया तपासले. माणूस, डुक्कर आणि चायनीज हॅमस्टर यांना अमिबा चिकटला. ससा, उंदीर, घोडा, गाय यांना नाही. म्हणून त्यांनी लेन्सचं मॉडेल डुक्कर आणि चायनीज हॅमस्टरवर बसवलं. दुकानात मिळतो तो सोनेरी हॅमस्टर वेगळा, तो आणू नकोस.

थेट स्ट्रोमात (कॉर्नियाच्या आतल्या जाड थरात) टोचलंस तर सशातही दाह दिसेल. पण चिकटण्याची पायरीच गाळली, तर लेन्सवाल्या माणसाशी त्याचा संबंध काय उरला?

वऱ्हाडची_पोर: सर, स्टेरॉइड देऊन बघू का? एका सीनियरनं सुचवलंय.

ढोरांचा_डॉक्टर: औषधाचा प्रश्न तपासायचा असेल तरच. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं सिस्ट म्हणजे अमिबाच्या सुप्त कोशातून ट्रोफोझोइट बाहेर पडायला जोर येतो आणि हॅमस्टरमध्ये आजार बळावतो. मग तुला दिसेल ते अमिबाचं की स्टेरॉइडचं?

ओपीडीतली_ताई: लेन्सवरच अडून बसू नका. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांनी लेन्स कधी पाहिलेलीही नसते. डोळ्यात माती, कचरा नाहीतर घाण पाणी गेलेलं असतं.

ढोरांचा_डॉक्टर: खरंय. प्राणी बदलायचा तर एथिक्स कमिटीची नवी मंजुरी लागेल. तोवर कत्तलखान्यातून डुकराचे डोळे आण आणि बशीत चिकटण्याचाच प्रयोग कर. त्यात कुणाला दुखत नाही.

वऱ्हाडची_पोर: बर्फात आणू?

ढोरांचा_डॉक्टर: सलाइननं ओल्या केलेल्या गाझमध्ये गुंडाळ, बर्फ थेट लागू देऊ नकोस. आणि केस काढायला डुक्कर गरम पाण्यात घालायच्या आधीच डोळे मागून घे. नंतर कॉर्निया पांढरा पडलेला असतो.