दुष्ट कॅरेक्टरची पूर्वकथा पटेल अशी कशी लिहायची? (पेंढारी कॅम्पेन, १८१७)

मोडका फासा

मंडळी, इथे फासे टाकणारे आणि डीएमगिरी (म्हणजे खेळ चालवणं, गोष्ट पुढे नेणं) करणारे बरेच आहेत, म्हणून विचारतोय.

आमचा पाच जणांचा गट दर शनिवारी रात्री कोथरूडला एका मित्राकडे बसतो. आजवर डन्जन्स अँड ड्रॅगन्सच (आपापलं पात्र वठवत, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) खेळलो, तेच ते एल्फ आणि तेच ते ड्वार्फ. या वेळी आमच्या डीएमने (मित्राचा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) नियम त्याच्याच पाचव्या आवृत्तीचे ठेवलेत, पण जादू जवळपास काढून टाकलीय. काळ १८१७ चा, जागा खानदेश. दसरा होऊन गेलाय, नद्या उतरल्यात, पेंढारी केव्हाही नर्मदा ओलांडून येतील. तिकडे पुण्यात बाजीराव आणि इंग्रजांचं फाटायच्या बेतात आहे. पार्टी म्हणजे एकाच गावातून बाहेर पडलेली माणसं.

मी ठरवलं, या खेपेला चांगुलपणा पुरे. माझा राघो गावचा कुलकर्णी आहे आणि पेंढाऱ्यांचा हेर आहे. कुणी काय कुठे पुरलंय, कुणाच्या पेवात किती धान्य आहे, हे तो त्यांना कळवतो. पार्टीला पत्ता नाही, फक्त दादाला माहीत आहे.

पहिला खर्डा असा होता: १८०३-०४ च्या दुष्काळात आई गेली, फौजेने घर जाळलं त्यात बाप गेला, मामाने छळलं, गाव हसलं, मग त्याने सूडाची शपथ घेतली. दादाने समासात शेरा मारला, "यात दुष्ट कुठे आहे? हा तर बिचारा आहे."

रागाच्या भरात दुसरा लिहिला. त्यात कारणंच काढून टाकली. राघोला माणसं तडफडताना बघायला आवडतं, बस. त्यावर शेरा, "असल्या माणसाबरोबर पार्टी एक मुक्काम तरी का करेल?"

दोन्ही शेरे बरोबर आहेत, हेच दुखतंय. येत्या शनिवारी एक पान द्यायचंय. या दोन्हीच्या मधलं कसं लिहायचं?

वीसकोनी

अलाइनमेंटच्या, म्हणजे पात्र चांगलं की वाईट हे ठरवणाऱ्या, चौकोनात बसवायला जाऊ नका, एवढंच सांगतो. १९७४ च्या मूळ खेळात चांगलं-वाईट हा अक्षच नव्हता, नुसतं कायदा, तटस्थ आणि अराजक. नऊ घरांचा तक्ता १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात आला आणि तेव्हापासून लोक 'न्यूट्रल इव्हिल' असं लिहून हात झटकतात. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात बॅकग्राउंडबरोबर आयडियल, बाँड आणि फ्लॉ (आदर्श, जिव्हाळ्याचं बंधन आणि दोष) लिहायला सांगितलं होतं, ते जास्त कामाचं आहे. त्यातला बाँड आधी भरा. आणि तो पार्टीतल्याच कुणाशी तरी जोडा, म्हणजे दादाचा दुसरा शेरा आपोआप निकालात निघेल.

जमाखर्च

मी खेळते कमी, चालवते जास्त; नाशिकला आमचं टेबल नऊ वर्षं चालू आहे. पण उत्तर त्या अनुभवातून देत नाही, पोटापाण्याच्या कामातून देते. मी पतसंस्थांचं ऑडिट करते. फाशांच्या टेबलावर जेवढे खलनायक पाहिले त्याहून जास्त मी ऑफिसच्या टेबलापलीकडे बसून "मॅडम, चहा घेणार ना?" विचारताना पाहिलेत.

एक किस्सा सांगते, गाव-नाव विचारू नका. एका संस्थेत रोजची वसुली करणारा पिग्मी एजंट होता. बावीस वर्षांत एकही रजा नाही. चेअरमन हे कौतुकाने सांगत होते आणि माझे कान तिथेच टवकारले. जो रजा घेत नाही त्याच्या भागात दुसरा कुणी फिरत नाही, आणि दुसरा फिरला की तो पासबुकं बघतो. भाजीवाल्यांची, टपरीवाल्यांची पासबुकं मागवली. पासबुकात पाचशे, संस्थेच्या खात्यात तीनशे. महिनोन्‌महिने.

त्याला समोर बसवलं तर तो रडला नाही की भांडला नाही. शर्टाच्या आतल्या खिशातून एक डायरी काढून त्याने माझ्यासमोर ठेवली. दूधवाल्याकडे असते तशी लांबट, कडा घामाने काळ्या पडलेल्या. पहिल्या पानावर वरती 'श्री' आणि खाली 'उसने'. मग तारीख, नाव, रक्कम. पहिली नोंद दोनशे रुपयांची. अक्षर सुरेख, बेरजा चोख, त्या संस्थेच्या कॅशबुकपेक्षा स्वच्छ. काही पानांनंतर मात्र नावं बंद झाली होती, नुसतेच आकडे. मी विचारलं, नावं का थांबवलीत? म्हणाला, "जागा पुरत नव्हती." डायरीची निम्मी पानं कोरी होती.

राघोला मी त्या डायरीत शोधेन, त्याच्या बालपणात नाही. १८०३-०४ चा दुष्काळ खानदेशात सगळ्यांनीच भोगला. सगळे काही पेंढाऱ्यांचे हेर झाले नाहीत. जे कारण गावातल्या प्रत्येकाला लागू पडतं त्याने एकट्या राघोचा उलगडा होत नाही. तुमच्या पहिल्या खर्ड्यात राघोला काय काय झालं याची यादी आहे, त्याने स्वतः काय केलं ते शेवटच्या ओळीत येतं, आणि तेही नुसती शपथ! शपथ घेऊन वाईट मार्गाला लागलेला माणूस मला अजून भेटायचाय.

डोनाल्ड क्रेसी नावाचा एक अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ तुरुंगांत जाऊन अफरातफर केलेल्यांशी बोलला. १९५३ साली त्याने जे मांडलं ते आमच्या धंद्यात आजही शिकवतात. माणसाची एक अडचण असते, जी तो कुणालाच सांगू शकत नाही. ती गुपचूप सोडवायची संधी त्याच्या कामातच हाताशी असते. आणि 'मी काही चोर नाही' असं स्वतःला पटवणारं एक वाक्य त्याच्याकडे असतं. यातली गंमत अशी की वाक्य आधी तयार होतं, हात नंतर गल्ल्यात जातो.

आता राघोकडे या. संधी तर तुम्ही फुकट देऊन ठेवली आहे, तो कुलकर्णी आहे, दप्तर त्याच्याकडे. कुणाचं किती पिकलं, किती वसूल झालं हे तोच लिहितो, म्हणजे उरलेलं कुठेतरी असणार हे त्याला वजाबाकीने कळतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी, तोंड लहान, पोट मोठं. तोंड बुजवून वरून माती ओढली की परक्याला सापडत नाही. राघोला सापडतं, कारण त्याच्याकडे आकडा आहे. (डीएमदादांना सांगा, पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही. कोंडलेल्या हवेने माणूस जागीच पडतो. खलनायकाने मुद्दाम घाई करायला लावायची इतकी सोयीची जागा दुसरी नाही.)

अडचण मात्र तुम्हाला शोधावी लागेल, आणि ती लाज वाटण्यासारखी हवी. दुष्काळ, मरण या गोष्टी माणूस चारचौघांत सांगतो, त्याला आधार मिळतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल इजाऱ्याने जात, जो जास्त बोली लावेल त्याला वसुली. इजारदाराची माणसं वर्षातून किती वेळा येतील याचा नेम नाही. समजा त्यात राघोने एकदा हिशेबात चूक केली. खोटेपणा नाही, साधी हातचा विसरल्याची चूक. गावावर जादा पट्टी बसली. सगळ्यांनी इजारदाराला शिव्या घातल्या आणि राघो गप्प राहिला. गावात सगळ्यात हुशार म्हणून ज्याची ख्याती त्याने "बेरीज चुकली" असं पारावर उभं राहून म्हणायचं कसं? ती तूट भरून काढायला त्याने पहिलं पेव दाखवलं. पेंढाऱ्यांना नव्हे, इजारदाराच्या शिपायाला. पेंढारी खूप नंतर.

आणि पार्टी त्याला बरोबर का घेते याचं उत्तर तर डोळ्यांसमोर आहे. पाच जणांत मोडी वाचता येणारा तो एकटा असू दे. सापडलेलं प्रत्येक पत्र त्याच्या हातात जाईल आणि तो ते मोठ्याने वाचून दाखवेल. डीएमने चिठ्ठीवर खरा मजकूर द्यायचा, तुम्ही त्यातला एक शब्द बदलून वाचायचा. रोज नाही. चार वेळा अगदी खरं वाचा, पाचव्यांदा बदला.

तिसरी घंटा

माझं मत विचारलं नाहीये, तरी देतो: पार्टीत दुष्ट कॅरेक्टर घेऊच नये. आमच्याकडे एकाने 'माझं कॅरेक्टर असंच वागणार' म्हणत झोपलेल्या सोबत्यांच्या थैल्या कापल्या. तीन महिन्यांचं कॅम्पेन एका रात्रीत संपलं आणि दोन माणसं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

खेळणारच असाल तर सेशन झीरोला (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) बाकीच्यांना निदान इतकं सांगा की टेबलावर एक गद्दार असू शकतो, चालेल का? नाव सांगू नका. आणि पेंढाऱ्यांचे छळाचे प्रकार, उदाहरणार्थ गरम राखेचा तोबरा तोंडाला बांधणं, हे घडलेलं आहे म्हणून टेबलावर वर्णन करत बसायची गरज नाही. "तोबरा आणला" एवढ्यावर दृश्य कापा. सगळ्यांना कळतं.

बाकी जमाखर्चताईंच्या मुद्द्याला एक जोड. राघोला शेवटी काय मिळवायचंय? १८१७ च्या हिवाळ्यात उभ्या असलेल्या माणसाला पुढचं दिसत नसतं, आपल्याला दिसतं. त्या काळच्या लुटारू सरदारांचंच बघा. अमीरखान इंग्रजांशी करार करून टोंकचा नवाब झाला. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितू पळत राहिला, आणि १८१९ मध्ये असीरगडाच्या बाजूच्या जंगलात त्याला वाघाने खाल्लं. लुटारूपणातून इतके वेगवेगळे शेवट निघाले. राघोला वाटत असणार, आपण अमीरखानाच्या रांगेत आहोत.

मोडका फासा

वाघाचं माहीत नव्हतं. दादाला सांगितलं तर तो नुसता हसला, म्हणजे आता पुढे वाघ येणार.

ताई, तुमचं उत्तर वाचून रात्री एकपर्यंत बसलो. मामा उडवला, शपथ उडवली, आईबाप जिवंत केले. सेशन झीरोचं दादाने आधीच विचारून घेतलं होतं, तिघांनी हो म्हटलं, एकीने "गद्दार मीच असणार" अशी अफवा पसरवली आहे. नवीन पान असं:

"राघोचं अक्षर तीन गावांत प्रसिद्ध आहे. चार सालांमागे त्याने पट्टीच्या तेरजेत एक हातचा सोडला. ते त्याला त्याच रात्री कळलं. सकाळी पाटलाला सांगायचं ठरवून तो झोपला आणि सकाळी पाटलानेच त्याला घरी बोलावून सांगितलं की तू होतास म्हणून इतक्यावर निभावलं. त्या महिन्यात त्याने शिपायाला एक पेव दाखवलं. पुढच्या साली दुसरं, ते शिपायाने स्वतःहून विचारलं म्हणून. तिसऱ्या साली विचारणारा माणूस शिपाई नव्हता, हे राघोला त्याच्या घोड्यावरून कळलं, पण उत्तर तोंडात तयार होतं. दप्तराच्या रुमालात सगळ्यात तळाशी एक कागद आहे. त्यावर ज्यांचं देणं लागतो त्यांची नावं आहेत. या दसऱ्यापासून त्याने त्यावर नावं लिहिणं सोडलं आहे. तो म्हणतो, मी सांगितलं नसतं तर त्यांनी गाव जाळलं असतं. हे खरंही आहे, दोनदा."

नावांचं तुमच्या डायरीवरून ढापलंय, रागावू नका.

वीसकोनी

"उत्तर तोंडात तयार होतं" झकास. पण बाँड कुठाय?

जमाखर्च

ढापा हो, डायरी माझी थोडीच आहे.

पान चांगलं जमलंय. 'दोनदा' हा शब्द तर अजिबात काढू नका. एकच जागा पोकळ आहे. "शिपायाला एक पेव दाखवलं." कुणाचं? माझ्या त्या माणसाची पहिली नोंद मी सांगितली, दोनशे रुपये. ते कुणाचे होते ते सांगितलं नव्हतं. ते त्याच्या थोरल्या बहिणीचे होते. परक्याच्या पैशाला हात लावायची हिंमत पहिल्या दिवशी नसते, म्हणून आधी घरातला माणूस लुटला जातो, जो पासबुक उघडून बघणार नाही असा. तर सांगा, कुणाचं पेव?

मोडका फासा

सासऱ्याचं.

आणि पार्टीत वैद्याचं कॅरेक्टर करणारी जी मैत्रीण आहे, तिला आजच मेसेज टाकून विचारलं की तुझी वैदीण राघोची मेहुणी असली तर चालेल का. ती म्हणाली, "चालेल की! मग मला भाऊजींवर आंधळा विश्वास ठेवता येईल."